स्टेनलेस स्टीलला घरच्या घरी आरशासारखी चकाकी: खरं काम पेपरचं, बफ शेवटी

बुलेटच्या लेगगार्डला ओरखडे पडतात, जिन्याच्या रेलिंगवर वेल्डिंगचा जोड खडबडीत राहतो, देवघरातला स्टीलचा चौरंग निस्तेज होतो. मग दुकानातून पॉलिशची डबी येते, जुन्या बनियनच्या चिंधीने तासभर घासणं होतं, आणि शेवटी दिसतं काय, तर ओरखडे जागच्या जागी आणि उलट जास्त उठून दिसणारे. दोष डबीचा नसतो. डबी हे शेवटच्या पायरीचं सामान आहे, आणि आपण सुरुवातच तिथून केलेली असते.

आरशासारखी चकाकी आणायची तर आधी ती जाते कुठे ते समजून घेऊ. कुठलाही धातू प्रकाश परत फेकतोच. पृष्ठभाग सपाट असेल तर सगळा प्रकाश एकाच शिस्तीत परत येतो आणि आपल्याला त्यात चेहरा दिसतो. पृष्ठभागावर दऱ्या-डोंगर असतील तर प्रकाश दाही दिशांना पांगतो, आणि तेच स्टील पांढुरकं, धुरकट दिसतं. आता या दऱ्या किती खोल चालतील? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडे या मापापेक्षा बरेच उथळ झाले की प्रकाशाला ते जाणवतच नाहीत. कारखान्यात पृष्ठभागाचा खरखरीतपणा ‘आरए’ या मापात मोजतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या गुळगुळीत पत्र्याचा, म्हणजे ‘२बी’ फिनिशचा, आरए ०.१ ते ०.५ मायक्रॉनच्या दरम्यान असतो. मिरर फिनिश म्हणजे ०.०५ मायक्रॉनच्या आसपास.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठेवा. चांदी जवळजवळ ९५ टक्के प्रकाश परत देते, स्टेनलेस साधारण ६० टक्के. म्हणून स्टीलमधलं प्रतिबिंब स्वच्छ असलं तरी भिंतीवरच्या आरशापेक्षा जरा सावळं दिसतं. कितीही घासलं तरी तो सावळेपणा जात नाही. तो धातूचा रंग आहे, कामातली कसर नव्हे.

हातातली वस्तू खरंच स्टेनलेस आहे का?

हे आधी तपासा, कारण इथे चूक झाली तर वस्तू वाया जाते. गाड्यांचे बरेच चकचकीत भाग स्टेनलेसचे नसतात, लोखंडावर निकेल आणि त्यावर क्रोम चढवलेलं असतं. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की थर गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे तांबूस पुरळ उठतं. वस्तूला चुंबक लावून बघा. कडक चिकटला तर सावध व्हा, आणि नटबोल्टाच्या आतल्या बाजूला, पाइपाच्या कापलेल्या टोकाला थर पोपडल्यासारखा सुटलाय का ते पाहा. सुटला असेल तर पेपर लावूच नका.

चुंबक न चिकटणारं किंवा अगदी हलकं ओढलं जाणारं स्टेनलेस बहुधा ३०४ किंवा २०२ या ग्रेडचं, म्हणजे प्रकारचं असतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागड्या निकेलचा बराच वाटा कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. रेलिंगच्या पाइपांत आणि हलक्या भांड्यांत तेच जास्त दिसतं. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. चकाकी दोघांवरही छान येते, पण २०२ लवकर डागाळतं, त्यामुळे ते उघड्यावर राहणार असेल तर पुढची निगा जास्त लागते. चुंबकाला चिकटणारं ४३० हेही खरं स्टेनलेसच. भांड्यांच्या तळाला, स्वस्त सिंकला ते वापरतात. त्यावर ३०४ इतका खोल आरसा मात्र उतरत नाही.

इथे आपल्या भागातला एक नेहमीचा गोंधळ. ‘जालन्याचं स्टील’ म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते बांधकामाच्या सळईचं स्टील. त्यात स्टेनलेसइतकं क्रोमियम नसतं. त्या सळईचा तुकडा मन लावून घासला तर त्यालाही आरशासारखी चकाकी येईल, पण पहिल्या दमट हवेत तो गंजायला लागेल. चकाकी येणं आणि चकाकी टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टिकते ती क्रोमियममुळे. मिश्रणात ते किमान १०.५ टक्के असलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पडदा आपोआप तयार होतो. त्याची जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे प्रकाश त्यातून आरपार जातो आणि खालची चकाकी दिसत राहते. ओरखडा पडला तर पडदा पुन्हा धरतो. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्लीने १९१३ मध्ये असं न गंजणारं पोलाद ओतलं, तेव्हा तो बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ धातू शोधत होता. कामाला आलं ते आधी जेवणाच्या सुऱ्यांना.

पेपरचं काम

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितके त्याचे कण बारीक. पी२४० च्या पेपरवर कणाचा आकार सरासरी ५८ मायक्रॉन, पी४०० वर ३५, पी१००० वर १८, पी२००० वर १०. प्रत्येक पेपर आधीचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतो. सगळी युक्ती यातच आहे. नांगरटीनंतरची ढेकळं फोडायला शेतकरी वखराची एक पाळी उभी घालतो, दुसरी आडवी, तसंच इथे. एक पेपर पूर्ण एका दिशेने चालवायचा आणि पुढचा त्याच्या बरोबर काटकोनात. म्हणजे आधीच्या पेपरची रेघ कुठे उरलीय ते लगेच दिसतं.

लेगगार्डचा वीतभर भाग डोळ्यांसमोर आणा. ओरखडा नखाला अडकतोय, तर पी२४० ने सुरुवात. पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापून पाइपाभोवती घ्यायची आणि बूट पॉलिशवाला कापड ओढतो तशी दोन्ही टोकं धरून आडवी चालवायची. थोड्या वेळाने पाइपावर सगळीकडे बारीक आडव्या रेघांचा एकसारखा करडा पोत येतो आणि मूळचा ओरखडा त्यात विरून जातो. आता पुसा, बॅटरीचा उजेड अगदी तिरका पाडा. मूळचा ओरखडा अजून दिसतोय? मग पी३२० हातात घेऊ नका. दिसत नसेल तर पी३२०, आता पाइपाच्या लांबीला धरून, उभा. सुरुवातीला उभ्या रेघांच्या जाळीतून आडव्या रेघा डोकावत राहतात. त्यांच्यातली शेवटची रेघ, बहुधा पाइपाच्या वळणावर किंवा जोडाशेजारी लपलेली, नाहीशी होईपर्यंत थांबायचं नाही. मग पी४०० आडवा, पी६०० उभा, पी८००, पी१०००, हवं तर पी१५०० आणि पी२०००.

उजेडावर भरवसा नसेल तर परमनंट मार्करने पृष्ठभागावर बारीक जाळी काढा. शाई ओरखड्यात शिरते. वरची शाई गेली आणि रेघेत काळेपणा उरला, म्हणजे तिथे अजून खोली आहे.

एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या दोन-तीन पेपरांवर गेला तर काम बरोबर चाललंय असं मी समजतो. बहुतेक जण उलटं करतात. खडबडीत पेपर दोन मिनिटं फिरवतात आणि बारीक पेपरवर तासन्‌तास बसतात. पी१००० ला पी२४० ची दरी भरून काढायला सांगणं म्हणजे पेपर आणि मनगट दोन्ही फुकट घालवणं. पायऱ्या गाळण्याचाही मोह होतो. पी२४० वरून थेट पी८०० वर उडी मारून वेळ वाचत नाही. तो वेळ पुढे दामदुपटीने जातो.

सपाट पट्टी असेल, समजा घरावरच्या नावाच्या पाटीसाठी, तर पेपर बोटांनी दाबू नका. रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. ठोकळा फक्त उंच भाग कापतो. बोटं खळग्यातही उतरतात आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो. सपाट पत्र्यावर या लाटा फार छळतात. चकाकी येते, पण त्यात समोरची खिडकी वाकडी दिसते. गोल पाइपावर ही लबाडी खपून जाते, म्हणून पहिला प्रयोग पाइपावरच करावा.

पी४०० च्या पुढे ‘वॉटर पेपर’ वापरा, म्हणजे पाण्यात चालणारा काळा पेपर. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाका. पाणी चुरा धुऊन नेतं आणि पेपर भरत नाही. मात्र वायरवरचं कुठलंही मशीन चालू असताना पाण्याचं काम नको. पाणी आणि हात, एवढंच.

आणि धूळ! मार्च ते मे आपल्याकडे दुपारचा वारा सुटला की अंगणात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर मातीचा थर बसतो. त्या धुळीतला वाळूचा कण स्टीलपेक्षा कठीण असतो. असा एक कण पी१५०० च्या पेपरखाली सापडला की लांबलचक रेघ उमटते आणि दोन-तीन पायऱ्या मागे जावं लागतं. म्हणून बारीक पेपरचं काम दार-खिडक्या लावून, ओल्या फडक्याने टेबल पुसून करावं. प्रत्येक नंबर बदलताना वस्तू, हात आणि पाणी तिन्ही बदला. पी२४० च्या बादलीत पी१००० बुडवू नका.

बफ आणि साबण

बफ म्हणजे सुती कापडाच्या चकत्यांचं चाक. ते स्वतः काही कापत नाही. त्याच्यावर चोळलेल्या साबणातले कण कापतात. हा साबण धुण्याचा नव्हे, बारीक कठीण कण मिसळलेली मेणाची वडी. मऊ कापड ओरखड्याच्या आतही शिरतं, त्यामुळे खोल ओरखडा बफने जात नाही, फक्त त्याच्या कडा गोल होतात आणि तो चमकतो. सुरुवातीला सांगितलेल्या डबीचं हेच झालेलं असतं.

साबणाच्या वड्या रंगावरून ओळखतात. काळी वडी खरखरीत, कापणारी. ती काथ्यासारख्या सायसलच्या किंवा घट्ट शिवलेल्या बफवर लावतात. स्टेनलेससाठी मुख्य म्हणजे हिरवी वडी. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. शेवटच्या हातासाठी तीच हिरवी किंवा बारीक पांढरी वडी सैल, न शिवलेल्या बफवर. लाल वडी सोन्या-चांदीसाठी असते, ती इथे कामाची नाही. एका बफवर एकच साबण, आणि प्रत्येक बफ वेगळ्या पिशवीत. फिरत्या चाकाला वडी क्षणभर टेकवायची. साबण जास्त झाला तर वस्तूवर काळे मेणचट पट्टे बसतात. चाक कडक, काळंकुट्ट झालं तर जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या दातांनी ते खरवडून काढा.

वेगाचं गणित सरळ आहे. २८५० आरपीएमच्या बेंच ग्राइंडरवर ६ इंची बफ लावला तर त्याची कड सेकंदाला साधारण २२ मीटर धावते. कारखान्यातली मशिनं मोठ्या बफवर ४० च्या आसपास चालतात, तेव्हा घरी वेळ जास्त लागणार हे धरून चला. चार इंची हातग्राइंडर मात्र ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. त्यावर तेवढ्याच मापाचा बफ लावला तर कड ५८ मीटरवर जाते. हा वेग धोक्याचा आहे. बफवर लिहिलेल्या कमाल वेगापेक्षा मशीनचा वेग जास्त असेल तर तो बफ लावायचाच नाही. वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर किंवा साधं ड्रिल घ्या. काम हळू होईल, पण ताबा आपल्याकडे राहील.

हळू काम करण्याचं आणखी एक कारण उष्णता. ३०४ मधून उष्णता फार सावकाश पसरते, साध्या लोखंडाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. ॲल्युमिनियमशी तर तुलनाच नको. एका जागी बफ दाबून धरला की तिथलं तापमान झपाट्याने चढतं आणि ३०० अंशांच्या आसपास आधी गवती पिवळा, पुढे जांभळा-निळा रंग उमटतो. ऑक्साइडचा पडदा जाड झाल्याचं ते लक्षण. तो रंग पुन्हा पेपरनेच काढावा लागतो. म्हणून चाक सतत हलतं ठेवा. आधी जरा दाब देऊन वस्तू चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध न्या, ही कापणी. शेवटी अगदी हलक्या हाताने चाकाच्या दिशेने न्या, धुरकटपणा त्यानेच जातो. फार वेळ बफ मारत राहिलं तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार होतो, तेव्हा चकाकी आली की थांबा.

मशीन नसेल तर? छोट्या वस्तूंना, सुरीची मूठ, बक्कल, घड्याळाचा पट्टा, मशीनची गरजच नाही. पी२००० पर्यंत पेपर नीट झाला की ३ मायक्रॉनची आणि मग १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट हरभऱ्याएवढी घेऊन नमद्याच्या तुकड्याने चोळा. दोन्ही पेस्टना वेगळे तुकडे. पेपरचं काम प्रामाणिक झालं असेल तर ब्रासोसारखं पातळ पॉलिशही या टप्प्यावर आपलं काम चोख करतं.

हे जीवावरचं आहे, म्हणून नीट वाचा

बफ ग्राइंडिंगच्या दगडासारखा कठीण नसतो, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. पण वस्तूची धारदार कड चाकाच्या तोंडाकडे आली तर चाक ती हिसकावून दगडासारखी फेकतं. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे येत फिरत असेल, तर वस्तू चाकाच्या मध्याच्या खाली टेकवा आणि बफ नेहमी कडेवरून बाहेर उतरेल असा चालवा, कडेवर चढेल असा कधीच नाही. साखळी, तार, जाळी फिरत्या बफला लावूच नये. ओढणी, पदर, मोकळे केस, मनगटावरचा गंडा, कडं, गळ्यातला गमछा हे सगळं आधी काढा किंवा आवरा. सैल हातमोजेही नकोत, चाक मोज्यासकट बोट ओढून नेतं. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन९५ मास्क हवाच. रुमाल पुरत नाही, कारण या धुळीत क्रोमियम आणि निकेल असतं. बफचा सुती भुसा आणि मेण पेट घेतात, म्हणून शेजारी ठिणग्या उडवणारं काम नको. ज्या जागी ॲल्युमिनियम घासलं, तिथली भुकटी पूर्ण झाडल्याशिवाय लोखंडाचं किंवा स्टीलचं काम सुरू करू नका. ती भुकटी ठिणगीने भडकते. घरात लहान मुलं असतील तर काम संपल्यावर मशीनचा प्लग काढूनच उठा.

चकाकी आल्यावर

साबणातलं मेण बारीक ओरखड्यांत भरून बसतं आणि सगळं झकास दिसतं. धुतल्यावर ओरखडे पुन्हा उघडे पडतात. म्हणून निकाल धुतल्यावरच बघायचा. बारीक खडूची भुकटी मऊ कापडावर घेऊन मेण पुसा, मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. यानंतर लिंबूसत्त्व, तेच ढोकळ्यात घालतो ते. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, प्लास्टिकच्या टबात वस्तू अर्धा तास बुडवून ठेवा. हे आम्ल पृष्ठभागावर चिकटलेले लोखंडाचे कण काढतं आणि क्रोमियमच्या पडद्याला नीट धरू देतं. कारखान्यात याला पॅसिव्हेशन म्हणतात. ४ ते १० टक्के सायट्रिक आम्ल आणि २१ ते ४९ अंशांचं पाणी असेल तर किमान २० मिनिटं, असं त्याचं प्रमाण आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी या मापात आयतंच बसतं.

शेवटचं खंगाळणं बोअरच्या पाण्याने करू नका. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके सोडतात आणि आरशावर ते लांबून दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर ओता आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या. पुढे रोजच्या सफाईत लोखंडी काथ्या, तारेचा ब्रश, संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच या चार गोष्टी त्या वस्तूपासून लांब ठेवा. पहिल्या दोन लोखंडाचे कण रुतवतात, ते गंजतात आणि लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. उरलेल्या दोन्हींतला क्लोरीन-क्लोराइडचा मारा पडद्याला भोकं पाडतो.

ही मेहनत फक्त शोभेपुरती नाही. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात औषधांचे, पेयांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी अन्नाला किंवा पेयाला लागणाऱ्या स्टीलचा आरए ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवायचा, असा दंडक जगभर पाळतात. जिवाणू साधारण मायक्रॉनभर लांबीचे. त्यांना लपायला ओरखडा मिळाला की धुणं वाया जातं. घरातलं ताकाचं किंवा लोणच्याचं भांडं आतून खरवडलं गेलं असेल तर तिथेही हेच लागू.

काही कामं मात्र घरी करू नयेत. मोठा पातळ पत्रा उष्णतेने फुगतो आणि बसत नाही. फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लात वीज सोडून करतात ते इलेक्ट्रोपॉलिशिंग घरात करण्यासारखं नाही. अशी वस्तू एमआयडीसीतल्या बफिंगवाल्याकडे द्या. देताना ग्रेड सांगा, कुठल्या बाजूला आरसा हवा ते मार्करने लिहा, आणि त्यांचा बफ आधी साध्या लोखंडावर चाललेला नाही ना, हे विचारून घ्या.